फेलोशिपच्या प्रतीक्षा यादीत नाव अडकलंय: थांबायचं की सोडायचं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘मी शहादा तालुक्यातली. जळगावच्या विद्यापीठात समाजशास्त्रात पूर्णवेळ पीएचडीला नोंदणी झाली आहे. विषय आहे नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातला ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा. राज्याच्या एका संस्थेच्या फेलोशिपला माझं नाव प्रतीक्षा यादीत आहे. निवड यादी लागून बरेच महिने झाले, पुढे काहीच कळत नाही. वडील कोरडवाहू शेतकरी. जवळच्या एका शाळेत नोकरी मिळतेय, पण ती धरली तर फेलोशिप हातची जाईल अशी भीती वाटते. झोप लागत नाही, सारखी वेबसाइट उघडून बघते. थांबू की सोडून देऊ?’

तू माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. या भागात बरीच वर्षं पीएचडीची मार्गदर्शक म्हणून काम करतेय. फेलोशिप मिळालेले, न मिळालेले आणि मिळूनही पैशांसाठी ताटकळलेले असे सगळे विद्यार्थी जवळून पाहिले आहेत. त्यावरून सांगते: सोडू नकोस, आणि यादीसाठी थांबूही नकोस. फेलोशिप मिळणार नाही असं धरून पुढच्या वर्षाचं काम आणि खर्च आखायला घे. मिळाली तर आखणी बदलणं सोपं असतं. मिळेल असं धरून बसलेल्या माणसाचं वर्ष मात्र हातून निघून जातं.

हे मन घट्ट करण्यासाठी सांगत नाही, यामागे साधा हिशेब आहे. तुझी फेलोशिप अडली आहे, तुझी पीएचडी अडलेली नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्याहून २ जास्तीची सवलत. ही मुदत तुझ्या प्रवेशाच्या तारखेपासून मोजली जाते, फेलोशिपच्या पत्रापासून नाही. तू वेबसाइट बघत घालवलेले महिनेही त्यातच धरले जातात. आणि तुझ्या विषयाचं तर स्वतःचं कॅलेंडर आहे. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडून टोळ्या गुजरातकडे निघतात. होळीला बरेच जण गावी येतात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परततात. बायकांशी निवांत बोलायचं तर होळीचे दिवस आणि पावसाच्या आधीचे आठवडे हाच काळ. तो एकदा हुकला की पुढच्या वर्षापर्यंत नाही. मंत्रालयातली फाइल होळीची वाट बघत नाही, तू फाइलची वाट बघत होळी घालवू नकोस.

आता ही यादी हलते कशी ते बघू. आपला नंबर बारावा म्हणजे पुढच्या अकरा जणांनी नकार दिला की झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं सरळ नसतं. यादी प्रवर्गवार असते, त्यात महिला आणि दिव्यांगांच्या जागा वेगळ्या धरलेल्या असतात. त्यामुळे एकूण यादीतल्या नंबरावरून काहीच कळत नाही, तुझ्या प्रवर्गात तू कितवी आहेस ते बघायला हवं. जागा रिकाम्या होण्याची कारणंही ठरलेली. कोणाला नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही केंद्राची फेलोशिप मिळते आणि एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, म्हणून इथली सुटते. कोणाचं एमपीएससीत होतं, कोणाला पवित्र पोर्टलमधून शिक्षकाची नोकरी लागते. कोणी कागदपत्र पडताळणीत बाद होतं. मी पाहिलंय त्याप्रमाणे बहुतेक हालचाल पडताळणी संपल्यानंतरच्या थोड्या दिवसांत होते, नंतर यादी थंडावते. निवड यादी लागून बरेच महिने झाले असतील, पडताळणीही पार पडली असेल आणि तुझ्या प्रवर्गातून अजून कोणालाच बोलावलं नसेल, तर आशा कमी आहे असं मी स्पष्ट सांगेन. पडताळणीच झाली नसेल तर चित्र वेगळं.

ते कळणार कसं? ग्रुपवरून नक्कीच नाही. ‘दुसरी यादी उद्या’ असा निरोप तू किती वेळा वाचला असशील! त्याऐवजी माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमांत एक अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. म्हणून गाऱ्हाणं मांडू नकोस, ‘मी गरीब घरातली आहे, कृपया सहकार्य करावे’ हे तिथे नको. एवढंच विचार: अमुक वर्षाच्या जाहिरातीनुसार माझ्या प्रवर्गात एकूण जागा किती, निवड झालेल्यांपैकी किती जण रुजू झाले, आजच्या तारखेला किती जागा रिक्त आहेत, प्रतीक्षा यादीतून कितव्या क्रमांकापर्यंत बोलावलं, आणि ही प्रतीक्षा यादी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे. या पाच प्रश्नांची उत्तरं हातात आली की अर्धी तगमग थांबते. उत्तर वाईट असलं तरी थांबते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. माणसाला नकार पचवता येतो, काहीच न कळणं पचत नाही.

एक गोष्ट मनातून काढून टाक. प्रतीक्षा यादीत आलीस म्हणजे तुझं संशोधन कमी प्रतीचं, असं तुला वाटत असणार. जागा किती ठेवायच्या हे पैशांवर आणि धोरणावर ठरतं. २०२३ मध्ये राज्य शासनाने बार्टी, सारथी आणि महाज्योती या आपल्या संस्थांच्या फेलोशिपवर प्रत्येकी २०० जागांची मर्यादा घातली. आदल्या वर्षी त्याहून खाली क्रमांक असलेल्यालाही मिळाली असती, त्या वर्षी नाही. त्याच वर्षी या फेलोशिपसाठी २४ डिसेंबरला झालेल्या पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच्या एका सेट परीक्षेचीच (प्राध्यापकपदासाठीच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचीच) निघाली, ओरड झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. मुलं रस्त्यावर उतरली म्हणून काही तुकड्यांच्या बाबतीत निर्णयही बदलले. हक्कासाठी भांडायचं असेल तर जरूर भांड, निवेदनं दे, मोर्चात जा, मी सोबत आहे. पण तुझा क्रमांक म्हणजे तुझ्या कामाला मिळालेले गुण आहेत असं समजू नकोस. धडगावच्या घाटात काय लिहिलं जाणार आहे ते त्या क्रमांकाला माहीत नाही.

पैशांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण खरी फसगत इथेच होते.

तुला वाटतंय की निवड झाली की अनिश्चितता संपली. ती संपत नाही. केंद्राच्या जेआरएफचा दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, त्याच्या पुढच्या टप्प्याचा, म्हणजे एसआरएफचा, ४२,०००. आकडा ऐकून गावात डोळे मोठे होतात. पण दर महिन्याला हजेरीची खातरजमा पोर्टलवर जावी लागते. विद्यापीठातला एक जण ती भरतो, दुसरा मंजूर करतो. त्यातला एक जरी रजेवर असला तरी महिना पुढे जातो. मग निधी आला नाही म्हणून आणखी पुढे. पाच-सहा महिन्यांचे पैसे एकदम खात्यात पडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या पाच-सहा महिन्यांत मेसचे पैसे थकल्यामुळे हॉस्टेलवर तोंड लपवत फिरणारीही तीच मुलं. निवड यादी म्हणजे शेवटचा शब्द असंही नाही. अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपची एक यादी २०२५ मध्ये सुधारून पुन्हा काढली गेली, तेव्हा आधी निवड झालेल्या अनेकांची नावं गळाली. म्हणजे ज्यांच्याकडे तू हेव्याने बघतेस तेही वेगळ्या रांगेत उभेच आहेत. पैसे येतील-न येतील अशा स्थितीत काम चालू ठेवायची सवय आज लागली, तर फेलोशिप मिळाल्यावरही ती कामी येणारच आहे.

म्हणून एका वहीत पुढच्या बारा महिन्यांचा खर्च लिही, फक्त पीएचडीचा. विद्यापीठाची फी, जळगावला राहण्या-जेवणाचा खर्च, प्रवास, झेरॉक्स-छपाई, गावोगाव मुक्काम. प्रत्येक खर्चापुढे एकच खूण कर: हा नसला तर काम बंद पडतं की फक्त मंदावतं? माझ्या विद्यार्थिनींच्या वह्यांत बंद पाडणारे खर्च नेहमीच त्यांच्या अंदाजापेक्षा बरेच कमी निघाले. जळगावची खोली हा सगळ्यात मोठा आकडा असतो. कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) झालं असेल तर बाराही महिने तिथे खोली धरायलाच हवी का, हे मार्गदर्शकांना मोकळेपणाने विचार. हजेरीचा नियम काय सांगतो ते बघून, तुझं क्षेत्र नंदुरबार असल्यामुळे क्षेत्रकार्याचा काळ घरी राहून करता येईल का, तेही विचार. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं आहे. शहाद्याहून धडगावला जाऊन दोन गावं करून परत यायला फेलोशिप लागत नाही.

आणि कर्ज काढू नकोस. ‘फेलोशिप आली की फेडू’ म्हणून सावकाराकडून, बचत गटातून, कापसाच्या पैशांवर उचल घेऊन खर्च चालवणारी घरं मी पाहिली आहेत. तू ज्यांच्यावर लिहितेस त्या बायकांची अख्खी कहाणी उचलीचीच आहे. हंगामाआधी पैसे घ्यायचे, मग हंगामात खाण्यापुरती खावटी, मग शेवटी हिशेब करायला बसलं की हातात काय उरतं? तुला ते माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता शाळेची नोकरी. इथे घाई केलीस तर नुकसान होईल, म्हणून नीट वाच. तुझी नोंदणी पूर्णवेळ आहे. पूर्ण पगाराची नियमित नेमणूक घेतलीस तर आधी नोंदणीचाच प्रश्न उभा राहतो, फेलोशिपचा नंतर. अर्धवेळ पीएचडीची सोय नियमावलीत आहे, त्यासाठी नोकरी देणाऱ्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. पण बहुतेक फेलोशिपना पूर्णवेळ नोंदणी ही मूळ अट असते. एकदा अर्धवेळ झालीस की प्रतीक्षा यादीतलं नाव वाचवणं अवघड, आणि पुढच्या जाहिरातीलाही अपात्र ठरशील. तेव्हा नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला आणि फेलोशिप देणाऱ्या संस्थेला लेखी विचार. फोनवर मिळालेलं ‘चालतं हो मॅडम’ नंतर कोणी मान्य करत नाही.

तोवर अशी कामं बघ जी केव्हाही सोडता येतात. कॉलेजमधले तासिका तत्त्वावरचे तास (मानधन उशिरा येतं, ते धरूनच चाल), एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पात सर्वेक्षणाचं काम, शिकवण्या, भिली-पावरी मुलाखती ऐकून लिहून काढणं आणि त्यांचं मराठीत भाषांतर. शेवटचं काम तर तुझ्या विषयाला धरूनच आहे. यातलंही काय चालतं ते तुझ्या जाहिरातीच्या अटींत तपास. उद्या बोलावणं आलं तर कार्यमुक्ती पत्र लागेल, म्हणून काम सुरू करतानाच ‘अमुक दिवसांच्या पूर्वसूचनेने सोडता येईल’ हे कागदावर घे.

दुसऱ्या वाटाही याच काळात चालू ठेव. नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे आणि स्त्रियांना ५ वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुझ्याकडे अजून वेळ आहे. पण नेटच्या अभ्यासाला दिवसातले ठरावीक तास दे, सगळा दिवस नको. नेटच्या नादात प्रबंधाची दोन वर्षं गेलेली मुलं आमच्याकडे कमी नाहीत.

आता संशोधनाचं बोलू, खरं तर मला याबद्दलच जास्त बोलायचं होतं. पैसे नसताना होण्यासारखं तुझ्या विषयात पुष्कळ आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. त्या टोळ्या खानदेशातून गेलेल्याच होत्या. म्हणजे तुझ्या भागातून निघालेल्या माणसांवर जगभर वाचलं गेलेलं लिखाण आहे, आणि त्यांच्या नाती-नातसुना आजही त्याच वाटेने जातायत. त्यांना त्यांच्याच बोलीत प्रश्न विचारू शकणारी तू आहेस. पन्नास वर्षांत काय बदललं आणि काय तसंच राहिलं? हे प्रकरण तू आजच लिहायला घेऊ शकतेस. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात स्थलांतरावरचे प्रबंध फुकट वाचता येतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन खानदेशाचे जुने छापील वृत्तांत, जमीन-जंगलाबद्दल काय सापडतं ते बघ. इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच गेले, त्यांचं दप्तर सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. तिथे बसून टिपणं काढायला वही-पेन पुरतं.

आणि मुलाखती. पाच बायका निवड, एकाच पाड्यातल्या. मोठा नमुना नंतर. प्रत्येकीला मागच्या हंगामातला एक दिवस पहाटेपासून सांगायला लाव: उठली किती वाजता, पाणी कुठून आणलं, पोर कोणाजवळ ठेवलं, मोळ्या किती बांधल्या, रात्री भाकरी कोणी केली. मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून नवरा-बायको मिळून एकच नोंद असते. मग बायकोच्या नावावर काय लिहिलं जातं? ती वही कोणी दाखवली तर तिचा फोटो परवानगी घेऊन काढ. अशा पाच मुलाखती सविस्तर लिहून झाल्या की तुझ्या पुढच्या संशोधन सल्लागार समितीपुढे ठेवायला भक्कम काहीतरी असेल. दर सत्राला समितीपुढे जावंच लागतं. तिथे ‘फेलोशिप नाही म्हणून क्षेत्रकार्य झालं नाही’ हे वाक्य फार वेळा ऐकलंय. त्याने कोणाचंच भलं होत नाही, आणि तो प्रगती अहवाल पुढे फेलोशिपवाले मागतात तेव्हा कोराच जातो.

घरच्यांचं. शहाद्याच्या बाजारात भेटणारा प्रत्येक जण ‘फेलोशिप उनी का?’ विचारत असेल, आणि दर वेळी पोटात गोळा येत असेल. वडिलांना मात्र अंधारात ठेवू नकोस. ते शेतकरी आहेत, बेभरवशाचं काय असतं हे त्यांना प्राध्यापकांपेक्षा चांगलं कळतं. त्यांच्यापुढे ती खर्चाची वही उघड आणि एक तारीख ठरव. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं, राहायचं की सुटायचं ते त्या दिवशी मोकळेपणाने बोललं जातं. तसा तूही अखाजीचा दिवस धर. तोपर्यंत कोणी रोज विचारायचं नाही, तूही रोज वेबसाइट उघडायची नाही. त्या दिवशी माहिती अधिकारातलं उत्तर, वही आणि झालेलं काम समोर ठेवून बसायचं. पैसे पुरत असतील तर आणखी एक वर्ष पूर्णवेळ. पुरत नसतील तर अर्धवेळचा विचार, डोळे उघडे ठेवून. दोन्हींत पीएचडी चालूच आहे. लग्नाचा विषयही त्याच बैठकीत निघेल असं धरून जा आणि तुझं उत्तर आधी ठरवून ठेव.

झोपेबद्दल एवढंच: रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव. वेबसाइट आठवड्यातून एकदा, दिवसा, कोणीतरी सोबत असताना बघ. आठवडे झाले आणि तरी झोप, भूक जागेवर येत नसेल, सगळं संपलं असं वाटत असेल, तर १४४१६ वर फोन कर. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी स्वतः हा नंबर देते.

आणि शेवटी कागद. बोलावणं आलं तर हातात थोडेच दिवस मिळतात, आणि मी पाहिलेल्या प्रतीक्षा यादीतल्या कितीतरी मुलांची संधी तिथेच गेली. नोंदणीचं पत्र, कोर्सवर्कचं प्रमाणपत्र, समितीचे प्रगती अहवाल, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, लागत असेल तर चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेयर, आधारला जोडलेलं बँक खातं. सगळ्यांवरची नावं एकमेकांशी ताडून बघ. शहाद्याकडे वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘भाई’ असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि पडताळणीला बसलेला कारकून नेमका त्यावरच बोट ठेवतो. दुरुस्ती लागणार असेल तर आत्ताच तहसीलला जा, गर्दी कमी असते. अर्जात जो मोबाइल नंबर दिलाय तो रिचार्ज संपून बंद पडू देऊ नकोस, आणि त्या ईमेलचा स्पॅम फोल्डर आठवड्याच्या त्याच ठरलेल्या दिवशी उघडून बघत जा.